बेटावरच्या घरातली अकरा मिनिटं

त्या उन्हाळ्यात मी अमेरिकेच्या मेन राज्यातल्या समुद्राकाठच्या एका लहान गावात मोटेलच्या खोल्या साफ करत होते. वय बावीस. साताऱ्याहून पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट शिकायला आलेली. विद्यार्थ्यांना उन्हाळाभर काम करू देणारा आणि नंतर महिनाभर हिंडू देणारा व्हिसा मिळाला होता. बेत साधा होता. मिळेल तेवढं कमवायचं, मग पाठीवर सॅक टाकून बसने देश पाहायचा.

मोटेलचा पगार आमच्याकडच्या मानाने खूप होता, पण राहण्याखाण्यातच बराचसा जायचा. म्हणून किराणा दुकानातल्या फळ्यावर ती चिठ्ठी दिसली तेव्हा मी लगेच फोन केला. घरकाम, आठवड्यातून तीन दिवस, पैसे रोख, आणि दर मोटेलच्या दुप्पट.

एवढा दर का, ते तिथे गेल्यावर कळलं. घर एका बेटावर होतं. गाव आणि बेट यांच्यामध्ये खडीची एक पट्टी होती, ती ओहोटीला उघडी पडायची. तीन तास वाट मोकळी, मग पुढच्या ओहोटीपर्यंत तिथे पाणी. त्यामुळे कामाला कुणी टिकत नव्हतं. घरात ऐंशी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला भरतीच्या वेळांचा छापील तक्ता दिला आणि बजावलं, की घड्याळाकडे लक्ष ठेव, पाण्याला दया नसते.

मला पोहता येत नाही. ती वाट मी प्रत्येक वेळी जवळजवळ पळत ओलांडायची. शेवाळलेल्या गोट्यांवरून पाय सटकायचे, धुकं असलं की दोन्ही किनारे दिसेनासे व्हायचे आणि दोन्ही बाजूंनी पाण्याचा आवाज यायचा. परत आल्यावर मोटेलच्या पायरीवर बसून धाप खाली बसायची वाट पाहायची.

दुसरी भीती मात्र वाट ओलांडली तरी सुटत नव्हती. ज्या एजन्सीने व्हिसा करून दिला होता, तिने येतानाच सांगितलं होतं की दुसरं काम घ्यायचं असेल तर आधी आम्हाला कळवा, परवानगी घ्या. मी कळवलं नव्हतं. नाही म्हणाले तर, या विचाराने आधी टाळलं, आणि काम सुरू झाल्यावर कोणत्या तोंडाने सांगायचं म्हणून टाळलं. त्याच दिवसांत फोनवर रोज व्हिडिओ यायचे, कुणाला कामावरून उचललं, कुणाला विमानतळावरूनच परत पाठवलं. माझी खोलीतली मैत्रीण तुर्कस्तानातली होती. तिला माझं दुसरं काम माहीत होतं. ती म्हणाली, पोलिसांशी बोलायची वेळ येऊ देऊ नकोस, बाकी काही होत नाही. ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. गावात पोलिसांची गाडी दिसली की मी रस्ता बदलायला लागले.

ऑगस्टमधला एक दिवस. वाट साडेबारापर्यंत मोकळी राहणार होती. मी वरच्या मजल्यावर चादरी बदलत होते. खाली रेडिओवर बाराच्या बातम्या नुकत्याच लागल्या होत्या, तेवढ्यात स्वयंपाकघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. धावत खाली गेले. बाई फरशीवर कुशीवर पडल्या होत्या. एक पाय विचित्र वळलेला. चेहरा पांढरा पडलेला, पण शुद्धीवर होत्या. त्यांनी माझा हात धरला, बोलल्या काहीच नाहीत.

मी फोन घेऊन पुढच्या खोलीतल्या खिडकीपाशी गेले, कारण रेंज तिथेच यायची. नऊ एक एक, तिकडचा तातडीच्या मदतीचा नंबर. तीन आकडे. बोट स्क्रीनवर होतं आणि डोळ्यांपुढे पोलीस दिसत होता, माझा पासपोर्ट हातात घेऊन विचारणारा, की तू इथे काय करतेस. आईचा चेहरा दिसला. मग वाटलं, आपण त्यांना उठवून खुर्चीत बसवू. आत जाऊन प्रयत्न केला तर त्या अशा ओरडल्या की मी मागे सरले. पुन्हा खिडकीशी आले. खाली वाटेच्या कडांवर पाणी चढायला लागलं होतं. एक क्षण, आणि हे लिहिताना आजही लाज वाटते, मनात आलं की आत्ता निघाले तर कोरड्या पायांनी गावात पोहोचेन.

मी आईच्या मैत्रिणीला फोन लावला. ही मावशी निवृत्त डॉक्टर, अमेरिकेतच, श्रूजबरी नावाच्या गावात राहते. मी रडत काहीतरी सांगत सुटले, परवानगी, व्हिसा, बाई पडल्या. तिने मला मध्येच थांबवलं.

“त्यांना शुद्ध आहे का?”

“हो.”

“मग हा फोन ठेव आणि नाइन वन वन कर. त्यांना हलवू नकोस. तुझ्या व्हिसाचं आपण नंतर पाहू. आधी तो फोन.”

मी केला. नंतर फोनमध्ये पाहिलं तर वेळ होती बारा वाजून अकरा मिनिटं.

रुग्णवाहिका पंचवीस मिनिटांत पलीकडच्या काठावर पोहोचली. मला ती खिडकीतून दिसत होती, तिचे दिवेही दिसत होते. पण तोवर वाटेवरून पाणी वाहू लागलं होतं. ती तिथे थोडी थांबली आणि वळून गेली. बोटीतून माणसं आली तेव्हा एक वाजून गेला होता. तेवढा वेळ मी फरशीवर बाईंच्या शेजारी बसून होते. अंगावर दोन पांघरुणं घालूनही त्या थरथरत होत्या. मी अकरा मिनिटं आधी फोन केला असता तर ती गाडी थेट दारापर्यंत आली असती, हे मला तेव्हाच कळत होतं.

बोटीत अग्निशमन दलाची दोन माणसं होती आणि एक पोलीस. त्यांनी बाईंना स्ट्रेचरवर घेतलं. पोलिसाने वही काढली. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, कुठे राहतेस विचारलं. मग त्याने विचारलं, “तू इथे काम करतेस?”

मी बाईंची मैत्रीण आहे, भेटायला आले होते, हे उत्तर मी तासभर घोकून ठेवलं होतं. पण पलीकडे स्ट्रेचरवर बाई माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणाले, “हो.”

त्याने ते लिहून घेतलं आणि मला अंगात घालायला लाइफ जॅकेट दिलं. बस.

पुढचे दहा-बारा दिवस मी दारावरच्या प्रत्येक टकटकीला दचकत होते. जेवण जाईना. शेवटी मावशीच्या सांगण्यावरून एजन्सीला सगळं खरं लिहून टाकलं. दोन ओळींचं उत्तर आलं. यापुढे आधी कळवत जा, सोबतचा फॉर्म भरून पाठवा. चार दिवसांत परवानगीही आली, तेव्हा तिचा काही उपयोग नव्हता. बेटावरचं घर बंद झालं होतं.

मोटेलचं काम संपल्यावर मी बाईंना भेटायला गेले. खुब्याचं ऑपरेशन होऊन त्या एका पुनर्वसन केंद्रात होत्या. मी मावशीला आधीच विचारलं होतं, माझ्यामुळे त्यांचं किती बिघडलं. ती म्हणाली, “हाड पडल्याबरोबरच मोडलं होतं. पण तासभर जास्त दुखणं त्यांनी सोसलं, ते नाही असं मी म्हणणार नाही.”

बाई खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत होत्या. मला पाहून हसल्या. म्हणाल्या, तू त्या दिवशी तुझ्या भाषेत बोलत होतीस, मला वाटलं प्रार्थना करते आहेस. तिथेच विषय संपवता आला असता. मी नाही म्हणाले. कुणाला फोन केला, कशाची भीती वाटली, किती वेळ घालवला, निघून जायचा विचारही आला होता, सगळं सांगितलं. माझं इंग्रजी मध्येच अडकत होतं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “पडल्या पडल्या मी तुला सांगणार होते, कुणाला फोन करू नकोस म्हणून. मुलीला कळलं की ती मला त्या घरात राहू देणार नाही, याची भीती होती. तोंडातून शब्द फुटला नाही म्हणून राहिलं.”

मुलीने घर विकायला काढलं होतं. त्यांनी ते मला सांगितलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. तिथून फक्त गाड्या लावायची मोकळी जागा दिसत होती. परिचारिका येईपर्यंत मी त्यांच्याजवळ बसले.

दुसऱ्या दिवशी सॅक भरून मी दक्षिणेकडची बस पकडली.