कंसातला बी.कॉम.

पनवेलच्या मोहल्ल्यात शिरलं की डाव्या हाताच्या तिसऱ्या दारावर पितळेची पाटी होती. ‘बद्रुद्दीन अ. मुकादम, बी.कॉम.’ पाटी कायम चकचकीत, कारण बद्रुद्दीनची बायको आसिया दर शुक्रवारी ती चिंचेने घासायची. पाटीवरचं नाव खरं, आडनाव खरं, पुढचं बी.कॉम. मात्र बावीस वर्षं खोटं होतं. घरातली जुनी माणसं गेल्यावर हे पनवेलात तिघांनाच ठाऊक. एक खुद्द बद्रुद्दीन, दुसरा कॉलेजातला हेडक्लार्क गुरुदत्त, तिसरा मी. तिघांत भरवसा ठेवू नये असा मीच. तरी बावीस वर्षं मी हे पोटात ठेवलं, याचं अजून मला नवल वाटतं.

मला ठाऊक असायचं कारण साधं आहे. त्याच्या लग्नाची पत्रिका माझ्या छापखान्यात छापली.

साल एकोणनव्वद. खिळे जुळवून छपाई व्हायची तो काळ. बद्रुद्दीन आपल्या मामूला घेऊन मजकूर द्यायला आला. नवरदेवाच्या नावापुढे शिक्षण घालायची तेव्हा भारी हौस. बारावी झालेलासुद्धा ‘बारावी, सायन्स’ असं लिहून घ्यायचा. मी विचारलं, “बी.कॉम.चा निकाल लागला का रे?”

“लागलाय काका. म्हणजे, राखून ठेवलाय.”

“कशापायी?”

“दुसऱ्या वर्षाचा एक विषय राहिलाय. फाउंडेशन कोर्स. तो काय विषय आहे का काका?”

हे त्या काळी सगळी पोरं म्हणायची, आजही म्हणतात. बी.कॉम.ला हिशेब शिका, कायदा शिका, पण त्याबरोबर हा फाउंडेशन कोर्स सगळ्यांना सक्तीचा. त्यात समाज, पर्यावरण, राज्यघटना, माणसांचे हक्क, सगळं चमचा चमचा वाढलेलं. हेतू असा की पोराला नुसता जमाखर्च येऊ नये, चार गोष्टी जगातल्याही कळाव्यात. पोरं त्या तासाला वडाळे तलावाच्या कट्ट्यावर. बद्रुद्दीनला पहिल्या खेपेला एकतीस मार्क पडले, पाहिजेत पस्तीस. गुरुदत्त त्याच्याच बाकावरचा. त्याला बरोब्बर पस्तीस. त्या चार मार्कांवर गुरुदत्त पुढे हेडक्लार्क झाला, असं मी त्याला अजून ऐकवतो.

मग नियमाप्रमाणे एटीकेटी, म्हणजे वर जा, पण राहिलेला विषय सोडव. पुढच्या एप्रिलात तो पेपर पुन्हा द्यायचा होता. आणि नेमकी त्याच तारखेला मोरा बंदरात मुलगी बघायची ठरली. मुलगी म्हणजे आसिया. तिचे वडील हाजीसाहेब मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचच्या तिकीट खिडकीत बसायचे. त्यांची एकच अट होती, जावई ग्रॅज्युएट पाहिजे. घरात खल झाला. मामू म्हणाला, “त्या दिवशी हिशेबाचा पेपर असता तर मी तारीख फिरवली असती. हा तर नुसता फाउंडेशनचा आहे. परत देता येईल.” असा हा नवरदेव ग्रॅज्युएट म्हणून पसंत व्हायला गेला आणि त्यापायी ग्रॅज्युएट व्हायचा राहिला.

मी म्हटलं, “मग बी.कॉम.च्या पुढे कंसात ‘अपिअर्ड’ घालतो, म्हणजे परीक्षेला बसलेला. रीतच आहे.” एक प्रूफ तसं काढूनही दाखवलं.

मामू खुर्चीतून उठलाच. “कंस नको! हाजीसाहेबांनी कंस बघितला तर वरात धक्क्यावरनंच परत पाठवतील.”

आजवर मी एवढाच एक मामा बघितला, ज्याला कंस चालत नव्हता. मी कंसाचे दोन्ही खिळे काढले, ‘अपिअर्ड’ काढलं आणि पत्रिका छापल्या. त्यातल्या पंचवीस मुलीकडे धाडायच्या होत्या. त्यांचा गठ्ठा बांधून मीच दिला. रद्दी कागदात गुंडाळून, सुतळी मारून. ही गोष्ट ध्यानात असू द्या.

लग्न झालं. दोन महिन्यांत मस्कतहून चुलत्याचं बोलावणं आलं. पेपर “पुढच्या सुट्टीत” देऊ असं ठरलं. सुट्टी दोन वर्षांनी यायची, त्यात कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कधी घराचं छप्पर. दरम्यान हिबा झाली. दारावर पाटी लागली, ती हाजीसाहेबांनी स्वतः करवून आणलेली. सासऱ्याने आणलेली पाटी उतरवायची कशी? बद्रुद्दीन तिच्याखालून मान वाकवून घरात जायचा. लोकांना वाटायचं, किती अदब आहे माणसात.

मस्कतला तो काम करायचा हिशेबनिसाचं, पण व्हिसा होता हेल्परचा. हे तिकडे चालून जायचं. दोन हजार अकरा साल सरता सरता कंपनीत नवा मॅनेजर आला आणि त्याने फर्मान काढलं. ज्याचं काम टेबलावरचं, त्याचा व्हिसाही टेबलावरचा पाहिजे, त्यासाठी सरकारी शिक्के मारलेली डिग्री पाहिजे. सप्टेंबरअखेर दाखवा, नाहीतर गोदामात गोणी उचला. चव्वेचाळीस वर्षांच्या, कंबरेला पट्टा लावणाऱ्या बद्रुद्दीनला गोणी उचलणं जमणार नव्हतं. आणि परत येऊन घरी काय सांगणार? ज्या पाटीवर बी.कॉम. आहे, त्या पाटीच्या मालकाला बी.कॉम. नाही म्हणून काढलं?

फेब्रुवारीत तो आला आणि थेट गुरुदत्तच्या टेबलापाशी गेला.

गुरुदत्त चष्मा वर करून म्हणाला, “ये ग्रॅज्युएट. बावीस वर्षं झाली. बाकावर नाव कोरलं होतंस, ते पण बाक मोडीत निघालं.”

“गुरू, मजाक नको. देता येतो का पेपर?”

“जुना अभ्यासक्रम गेला. आता नवीन द्यावा लागेल, रेग्युलर पोरांबरोबर. विद्यापीठातून परवानगी मी आणतो.” मग म्हणाला, “पोरगी कितवीत आहे तुझी?”

“एस.वाय.बी.कॉम.”

“कुठल्या कॉलेजात?”

बद्रुद्दीनने बोटाने टेबलाखालची जमीन दाखवली. गुरुदत्त हसायला लागला, तो पाणी मागवेपर्यंत हसला. पोरगी ह्याच कॉलेजात, ह्याच वर्षाला. म्हणजे बाप आणि लेक, तोच विषय, तोच दिवस, तीच वेळ.

“एटीकेटीवाल्यांचा वर्ग वेगळा असतो,” गुरुदत्त शेवटी म्हणाला. “मागच्या जिन्याने ये. मी आहे.”

आता अभ्यास. हिबा सकाळी कॉलेजला गेली की बद्रुद्दीन तिचंच गाइड उघडायचा. संध्याकाळी ते जागच्या जागी. हिबा माझ्याकडे झेरॉक्स काढायला यायची, ती एकदा म्हणाली, “आजोबा, आमच्या घरात जिन आलाय. माझ्या गाइडमध्ये पेन्सिलने खुणा करतो. आणि त्याच्या खुणा माझ्यापेक्षा बरोबर असतात.” मी गंभीरपणे म्हटलं, “अभ्यासू जिन असेल. राहू दे.”

एकदा जेवताना त्याने तिला सहज विचारल्यासारखं केलं, “बेटा, ताणतणाव म्हणजे नेमकं काय गं?”

“अब्बा, तुम्ही सुट्टीवर आलात की अम्मीला होतो ना, तो.”

आसिया ताटात आमटी वाढत होती. तिने डाव जरा जोरात आपटला, बाकी काही नाही.

पेपरच्या दिवशी बद्रुद्दीनने घरी सांगितलं, करंजाड्याला नवीन इमारती होतायत, एक फ्लॅट बघून येतो. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. फ्लॅट बघायला दोन पेनं कशाला, हे आसियाने विचारलं नाही.

मागच्या जिन्याने गेला तर वर्गाला कुलूप. एटीकेटीवाले उणेपुरे नऊ, त्यांच्यासाठी वेगळा वर्ग आणि वेगळी माणसं कशाला, म्हणून सकाळीच त्यांना चार नंबरच्या वर्गात हलवलं होतं. गुरुदत्त त्या वेळी प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांवर सह्या घेत होता, त्याला पत्ताच नाही. शिपाई तुळशीरामने बद्रुद्दीनला दंडाला धरून चार नंबरच्या दारात नेऊन सोडलं.

पुढचं मला हिबाने सांगितलं. दारात पांढऱ्या कल्ल्यांचा, इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ बघितल्यावर सगळा वर्ग खाडकन उभा राहिला. “गुड मॉर्निंग सर!” पर्यवेक्षणाला नवीन कोमल मॅडम होत्या, त्यांनीही लगबगीने खुर्ची पुढे केली. त्यांना वाटलं, विद्यापीठाचं पथक आलं. सगळ्या वर्गात एकटी हिबा बसून राहिली होती.

“अब्बा?” ती म्हणाली. “माझं हॉल तिकीट आहे माझ्याजवळ. विसरले नाही.”

बद्रुद्दीनने खिशातून कागद काढला.

“माझं पण आहे, बेटा.”

वर्ग खाली बसला. बसताना बाकांचा आवाज झाला तेवढाच. त्याचा नंबर हिबाच्या पलीकडच्या रांगेत, एक बाक मागे. कोमल मॅडमनी हॉल तिकिटावरचा फोटो बघितला, माणूस बघितला, आणि त्याला उत्तरपत्रिका दिली.

प्रश्न दुसरा होता, स्थलांतराची कारणे आणि कुटुंबावर होणारे परिणाम लिहा. गाइडात ह्याचे सहा मुद्दे होते, सगळ्या वर्गाने ते सहा लिहिले आणि पुढे सरकला. बद्रुद्दीन सरकेचना. त्याने एक पुरवणी मागितली. मग दुसरी. मग तिसरी. तिसऱ्या पुरवणीला हिबाने मान वळवली, तशा मॅडम म्हणाल्या, “समोर बघ.” शेवटच्या अर्ध्या तासाची घंटा झाली तेव्हा त्याचे दोन प्रश्न अजून कोरे होते. पैकी एक ताणतणावाचा.

बाहेर आल्यावर बापलेक मिरची गल्लीपर्यंत चालत आले. मग हिबा म्हणाली, “अब्बा, त्या प्रश्नाला पंधराच मार्क असतात. तीन पुरवण्या लिहिल्या काय, दहा लिहिल्या काय.”

“पंधराच?”

“पंधराच. काय एवढं लिहिलंत?”

“परिणाम,” तो म्हणाला. “अम्मीला सांगू नकोस.”

हिबाने फालुदा मागितला. पुढे निकालापर्यंत दर आठवड्याला एक, असा तिचा भाव ठरला. माझ्या नातीने हे आपल्या बापाकडून वसूल केलं असतं तर मी तिची पाठ थोपटली असती.

मे महिन्याच्या शेवटी निकाल लागला. बद्रुद्दीनचा धीर होईना, बोर्डापर्यंत मी गेलो. हिबा बासष्ट. बद्रुद्दीन एक्केचाळीस. मी गुरुदत्तच्या खिडकीत डोकावून म्हटलं, “तुझ्यापेक्षा सहा जास्त.” गुरुदत्तने त्या दिवशी मला चहा विचारला नाही.

दुसरं वर्ष सुटलं तसा बावीस वर्षं राखलेला तिसऱ्या वर्षाचा निकालही सुटला. गुरुदत्त विद्यापीठात तीनदा जाऊन आला. ऑगस्टमध्ये पासिंग सर्टिफिकेट हातात पडलं. शिक्के मारायला द्यायच्या आदल्या दिवशी बद्रुद्दीन ते वर्तमानपत्रात गुंडाळून घरी घेऊन गेला, कपाटात लपवायला. मी बरोबर होतो. का होतो, ते विचारू नका, मी अशा वेळी असतोच.

आसियाने आम्हाला चहा दिला. मग आत गेली आणि लग्नातल्या साड्यांच्या पेटीतून घडी घातलेला एक पिवळा कागद घेऊन आली. माझ्यापुढे ठेवला. माझ्याच छापखान्याचं प्रूफ. ‘बद्रुद्दीन अ. मुकादम, बी.कॉम.’ आणि पुढे कंसात, ठळक, ‘अपिअर्ड’. मोऱ्याला पाठवलेला गठ्ठा मी त्याच रद्दीत बांधला होता. घडीवर सुतळीची रेघ अजून दिसत होती.

“पत्रिका अब्बांनी वाचली,” ती म्हणाली. “वरचा कागद मी वाचला.”

बद्रुद्दीनने कपबशी खाली ठेवली. “मग बोलली का नाहीस? बावीस वर्षं?”

“अब्बांनी लग्न मोडलं असतं, तेव्हा बोलले नाही. मग अब्बा गेले. मग म्हटलं, बघू हा माणूस स्वतः कधी बोलतो.”

“आणि ती पाटी? दर शुक्रवारी?”

“घासत होते. तुमच्या नजरेत यावी म्हणून.”

त्याने वर्तमानपत्र सोडलं आणि सर्टिफिकेट तिच्या हातात दिलं. तिने ते सावकाश, अगदी खालच्या सहीपर्यंत वाचलं. मग तिने विचारलं, “एप्रिलात करंजाड्याला फ्लॅट बघितलात, तो कितव्या मजल्यावर?”

सापडला. “तिसऱ्या,” तो म्हणाला.

“लिफ्ट आहे?”

“आहे.”

“मग बुक करा.”

सप्टेंबरात त्याने मस्कतला कागद दाखवले, व्हिसा बदलला, खुर्ची राहिली. पुढल्या सुट्टीत करंजाड्याला फ्लॅटही झाला. तिसरा मजला, लिफ्टसकट. नव्या पाटीची ऑर्डर द्यायला आसिया स्वतः माझ्याकडे आली. आता मी पाट्याही करून देतो. जुना मजकूर तिने कागदावर लिहून आणला होता. मी गमतीने विचारलं, “कंस घालू?”

“कंस नको चाचा,” ती म्हणाली. “साल घाला.”

म्हणून तिथे आज पाटी आहे, ‘बद्रुद्दीन अ. मुकादम, बी.कॉम., २०१२’. घरी येणारा प्रत्येक पाहुणा ते साल वाचतो, बद्रुद्दीनच्या पांढऱ्या कल्ल्यांकडे बघतो आणि विचारतो. बद्रुद्दीन सुट्टीवर असला की पाण्याचा तांब्या आणायच्या निमित्ताने आत जातो. आसिया खुर्ची पुढे ओढते आणि मोऱ्यापासून सुरुवात करते.