पुढे गेलेला पलंग

झोपेच्या बाबतीत इतका हट्टी पोलीस अधिकारी निजामाच्या साऱ्या राज्यात दुसरा झाला नसेल. आमच्या शेजारी राहणारे हे साहेब जिल्ह्याचे मोहतमीम होते, म्हणजे जिल्ह्याच्या पोलिसांत त्यांच्या वर कोणी नव्हतं. परक्या बाजेवर आपला डोळा लागत नाही, असं ते भेटेल त्याला सांगत. त्यामुळे दौरा ठरला की आदल्या दिवशी त्यांचा शिसवी पलंग बैलगाडीतून पुढे निघे, चारही खांब उभे आणि वर मच्छरदाणी ताणलेली. गाडी ज्वारीच्या रानात शिरली की बैल, चाकं, गाडीवान सगळं पिकात बुडून जाई आणि पांढरी मच्छरदाणी तेवढी कणसांवरून संथपणे तरंगत चाललेली दिसे. बेंबळीच्या पाणवठ्यावर बायका म्हणत, "पलंग आला गं बया! उद्या साहेब येतंय." मग दारूच्या भट्ट्या विझत, जुगारी पत्ते पुरून ठेवत. दुसऱ्या दिवशी साहेब घोड्यावरून येत तेव्हा गाव भर दुपारच्या देवळासारखं शांत असे. साहेब पलंगावर आडवे होत म्हणत, "क्या बात है! लई शरीफ गाव."

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षी माझ्या थोरल्या भावानं कचेरीवर तिरंगा लावला आणि तो बेंबळीत लपला. हैदराबादेहून हुकूम आला, आजच्या आज छापा घाला. अशा छाप्यात धरलेली माणसं त्या दिवसांत घरी परतत नव्हती. आई ओसरीवर बसून होती. कुंपणापलीकडचं बोलणं आम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं.

"साहेब, आज तरी पलंग राहू द्या. गावाला खबर लागंल," हाताखालचा अमीन काकुळतीनं म्हणाला.

"आणि मी रातभर कूस बदलत पडू? जागरण झालं तर उद्या तुम्हालाच बेड्या घालीन, मियां. गाडी जुंपा. छापा उद्या."

भावानं माळवदावरून मच्छरदाणी येताना पाहिली आणि निजामाची हद्द ओलांडून तो सोलापूरला पोचला. साहेबांना हैदराबादेत जबाब द्यावा लागला. तिथंही त्यांनी झोपेचंच कारण सांगितलं म्हणे. नोकरी गेली.

निजामाचं राज्य संपलं आणि भाऊ परतला, त्याच दुपारी साहेब गाव सोडून निघाले होते. पलंग गाडीवर चढला होता. तो त्या दिवशी मुद्दाम पाठवला होता का, एवढंच भावाला विचारायचं होतं. तो कुंपण ओलांडून गेला. गाडीवान दोर आवळत बैलांवर ओरडत होता आणि साहेब ओट्याच्या उघड्या दगडावर, बूट उशाला घेऊन, गाढ झोपले होते.

"हाका मारून उपेग न्हाय, दादा," गाडीवान म्हणाला. "साहेब कुठंबी निजत्यात. पहिल्यापासनं."

भाऊ ओट्याच्या कडेला बसला आणि ऊन उतरेपर्यंत साहेबांच्या तोंडावरच्या माशा उपरण्यानं वारत राहिला.