पॉईंट्समनचं कुत्रं

बडनेऱ्याच्या रेल्वे यार्डात उभी नोकरी काढलेला माणूस रिटायर झाला, की त्याला एकच दुखणं लागतं. त्याचं कोणी ऐकत नाही. रुळांचे सांधे बदलणाऱ्या, गाड्यांना इशारे देणाऱ्या बुधाजीचंही तेच झालं. परवापरवापर्यंत नुसता हात दाखवला की अख्खी मालगाडी मुकाट्यानं थांबायची. आता घरात "थोडं पानी दे वं" म्हटलं, तर बायको माठ कुठं आहे ते बोटानं दाखवायची. बुधाजी उठून स्वतः पाणी घ्यायचा आणि मनाशी म्हणायचा, "वा रे पॉईंट्समन! माठसुद्दा तुह्या सिग्नलवर हालत नाई."

बायकोचं नाव मनकर्णा. बडनेऱ्यापासून थोड्या अंतरावर या दोघांचं शेत होतं, आणि शेत म्हणजे मनकर्णाच. बुधाजी नोकरीत असताना पेरणी तिची, पाणी देणं तिचं, मजूर लावणं तिचं. आता बुधाजी घरी बसला, म्हणून ते काही बदललं नाही. तो शेतात गेला की सल्ले द्यायचा, आणि मनकर्णा त्याला विहिरीजवळच्या चिंचेखाली बसवून यायची.

त्या वर्षी विहिरीजवळच्या तुकड्यात गहू होता आणि गव्हाच्या बांधात घुशी होत्या. साध्यासुध्या नाहीत, चांगल्या मांजराएवढ्या. त्यांनी बांध असा पोखरला होता, की मनकर्णानं इकडं पाणी सोडलं की ते बिळातून निघायचं शेजारच्या भगवंतरावांच्या वावरात. भगवंतराव मोठे गोड माणूस. दर पाळीला आरोळी द्यायचे, "मनकर्णाबाई, आमचं ओलून झालं बरं, आता तुमचं पाहा!" बिळात औषध टाकावं, तर मनकर्णाच्या शेळ्या त्याच बांधावर चरत. त्यामुळं तेही जमत नव्हतं.

अशात एक दिवस लेक आली, प्रियदर्शनी. ती अकोल्याला सरकारी कचेरीत नोकरीला. हातात थैली, आणि थैलीतून दोन लांब कान बाहेर. अकोल्याच्या जुन्या शहरात तिची मैत्रीण चंदा भाड्यानं राहायची. तिनं हौसेनं बीगल जातीचं पिल्लू घेतलं, पिल्लानं हौसेनं घरमालकाच्या चपला खाल्ल्या, आणि घरमालकानं सांगितलं, एक तर कुत्रं जाईल नाही तर तुम्ही जाल. चंदा रडली, पिल्लू इकडं आलं.

"बाबा, शिकारी जात आहे ही," प्रियदर्शनी म्हणाली. "तिकडं विलायतेत ससे धरायला वापरतात. मुंगसासारखा एक प्राणी बिळात सोडतात, ससा घाबरून दुसऱ्या तोंडातून बाहेर येतो, आणि तिथं कुत्रं टपून असतं."

"आपल्याकडं सशाले हात लावला, तं फॉरेस्टवाले मलेच बिळात घालतीन," बुधाजी म्हणाला. पण त्याच्या डोक्यात गाडी सुटली होती. ससा नाही, तर घूस. मुंगसासारख्या प्राण्याऐवजी मडक्यात गोवऱ्या आणि मिरच्या पेटवून धूर बिळात फुंकायचा. घूस पळणार, पिल्लू धरणार. तिकडं भगवंतरावांच्या वावराचं पाणी बंद! त्यानं तिथल्या तिथं जाहीर केलं, की हे पिल्लू आपण तयार करणार.

मनकर्णा चुलीजवळून म्हणाली, "बिनकामाचा एक हाये घरात. दुसरा कायले पायजे?"

बुधाजीला हे लागलं नाही असं नाही, पण त्यानं पिल्लू थैलीतून काढून मांडीवर घेतलं. शेवटी बायकोनं करार केला. गहू निघायच्या आत कुत्र्यानं एक घूस धरून दाखवली, तर राहील. नाही तर भगवंतरावांचा मेव्हणा मोर्शीला संत्र्याच्या बागेत बांधायला कुत्रं शोधूनच राहिला होता, त्याच्याकडं जाईल. "बागेत बांधायला" म्हणजे काय ते बुधाजीनं पाहिलेलं होतं. झाडाला साखळी, बाजूला टोपलं, आणि वर्षभर तेवढंच गोल अंगण. चंदानं त्याचं नाव कोको ठेवलं होतं. बुधाजीनं त्याच रात्री ते बदलून, यार्डातल्या शंटिंगवरून, शंट्या केलं आणि त्याला आपल्या खाटेखाली झोपू दिलं.

शिकवणी सुरू झाली. आता दुसऱ्या कोणी काय केलं असतं? "ये", "जा", "बस" असं म्हटलं असतं. पण हा पडला रेल्वेचा माणूस. त्यानं झेंड्या शिवल्या. हिरवी मनकर्णाच्या ब्लाऊजपीसची, लाल तिच्या जुन्या परकराची. हिरवी म्हणजे धाव, लाल म्हणजे थांब. रोज सकाळी बुद्धविहारासमोरच्या मैदानात बुधाजी ताठ उभा राहायचा, झेंडी दाखवायचा, आणि शंट्या धावत यायचा. हिरवी दाखवली तरी यायचा, लाल दाखवली तर जास्तच जोरात यायचा. बुधाजी खवळायचा. "अबे, डेंजर सिग्नल पास करून राह्यला तू! नोकरी गेली असती तुही!" शंट्या शेपटी हलवायचा. मनकर्णा येता-जाता पाहायची आणि विचारायची, "माहा परकर कोनती गाडी थांबवून राह्यला?"

असे बरेच दिवस गेल्यावर त्यानं लेकीला फोन लावला. पिल्लू मठ्ठ आहे, चंदाला परत विचार, असं सांगणार होता. प्रियदर्शनीनं सगळं ऐकून घेतलं आणि हसू दाबत म्हणाली, "बाबा, कुत्र्यांना लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही. त्याला दोन्ही सारख्याच."

बुधाजीनं फोन खाटेवर ठेवला. मग खाटेखाली वाकून म्हणाला, "माफ कर बा शंट्या. मीच भैताड." पण हे त्यानं अगदी हळू म्हटलं, मनकर्णाला ऐकू जाणार नाही इतपत. उभ्या जगासमोर असलं काही म्हणायची त्याला सवयच नव्हती. नोकरीत चूक नेहमी ड्रायव्हरची, घरात चूक नेहमी मिठाची.

झेंड्या गेल्या. पण रेल्वेत झेंडी नसली तरी गाडी चालते, तिथं नुसत्या हातांचेही इशारे असतात. एक हात सरळ आडवा धरला, म्हणजे जा. दोन्ही हात डोक्याच्या वर, म्हणजे जागच्या जागी थांब. मग बुधाजीनं जुन्या मोज्यात चिंध्या भरून घूस केली, तिला सुतळी बांधली, आणि या वयात ती घूस ओढत तो मैदानभर पळू लागला. वस्तीतली पोट्टी बघायला जमायची. मागून शंट्या, पुढं मोजा, त्याच्या पुढं धापा टाकणारा बुधाजी. कोण कोणाला शिकवून राहिलं, ते कळायला मार्ग नव्हता. त्याला स्वतःलाही हसू यायचं. पण एक सांगतो, इतका आनंद त्याला रिटायर झाल्यापासून एकदाही झाला नव्हता.

आणि शंट्या शिकला! हात आडवा केला की मोज्यावर झेप. दोन्ही हात वर गेले की झेपेतसुद्धा चारी पाय रोवून खाली बसायचा आणि पुढचा इशारा मिळेपर्यंत हलायचा नाही, कारण भाकरीचा तुकडा थांबण्यावर मिळायचा. हे थांबणं त्याच्या इतकं अंगात भिनलं, की वस्तीत कोणी दोन्ही हात वर करून आळस दिला, तरी हा जिथं असेल तिथं बसायचा. स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर बुधाजी छाती फुगवून सांगू लागला, "ब्रेक पाहा, ब्रेक! अन सिग्नल कोनाचा हाये? उभ्या नोकरीत या हातून एक सिग्नल चुकला नाई." भगवंतराव तिथंच बशीत चहा ओतत असायचे. ते म्हणायचे, "ब्रेक ठीक हाये बुधाभाऊ, पन घुशीचं काय?"

गहू पिवळा पडला. परीक्षेचा दिवस मनकर्णानंच ठरवला. सकाळी शेतात तिघं जमली. मनकर्णा, बुधाजी, आणि बांधाच्या पलीकडं भगवंतराव. भगवंतरावांच्या खांद्यावर साखळी होती. मेव्हण्याची गाडी दुपारी मोर्शीला जाणार होती, म्हणून सोबतच घेऊन आलो, असं ते म्हणाले. बुधाजीनं त्या साखळीकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. शंट्याची मात्र मजा चालली होती. तो साखळीचाच वास घेत होता.

बिळाची सगळी तोंडं चिखलानं बुजवली, दोन सोडून. वरच्या तोंडाला मडकं लावलं, खालचं उघडं ठेवलं. मडक्यात गोवऱ्या, काडीकचरा आणि मूठभर लाल मिरच्या. बुडाला भोक पाडलेलं होतं, त्याला फुंकणी लावून मनकर्णा बसली. उघड्या तोंडापासून थोड्या अंतरावर शंट्या, कान पुढं, अंग जमिनीला टेकलेलं. त्याच्या समोर, बिळाच्या दुसऱ्या बाजूला, बुधाजी. चपला त्यानं काढून ठेवल्या होत्या, आवाज नको म्हणून. उजवा हात तयार. बिचाऱ्या पिल्लाचं सगळं आयुष्य आता आपल्या एका हातावर आहे, असं त्याला वाटलं, आणि ते खरंच होतं.

मनकर्णानं फुंकायला सुरुवात केली. मिरचीचा पहिला धूर बिळात गेलाच नाही, बुधाजीच्या तोंडावर आला. तो खोकला, डोळे पुसले, पण हलला नाही. दुसऱ्या फुंकीला धूर आत शिरला. आत खसखस झाली. शंट्या थरथरू लागला. बुधाजीनं हात आडवा धरला.

आणि घूस निघाली. निघाली ती काळी, केस फुलवलेली, दात विचकत, आणि शंट्याकडं न जाता सरळ बुधाजीच्या अनवाणी पायांवर.

"आय्यो, माय वं!" बुधाजी ओरडला, दोन्ही पायांनी उडाला, आणि त्याचे दोन्ही हात डोक्याच्या वर गेले.

शंट्यानं झेप घेतलेली होती. तो हवेत होता. घुशीच्या शेपटीपासून वीतभर अंतरावर त्यानं चारी पाय मातीत रोवले, ढेकळं उडवली आणि खाली बसला. घूस बुधाजीच्या टाचेवरून गेली, वळली, आणि भगवंतरावांच्या वावरात नाहीशी झाली.

भगवंतराव इतके हसले, की त्यांना बांधावर बसावं लागलं. "बुधाभाऊ, तुमचं कुत्रं तं पेन्शनीतच निघालं! घूस नाकापुढून गेली अन हे पाहा, कसं बसलं समाधी लावून!" मग डोळे पुसत उठले आणि खांद्यावरची साखळी हातात घेतली. "आना. बागेत भुंकायचं काम तं करीन."

मनकर्णा फुंकणी हातात धरून पाहत होती. करार तिचाच होता.

बुधाजी तसाच उभा. शंट्या बसल्या जागेवरून त्याच्याकडं पाहत होता. साखळी खुळखुळत जवळ आली तरी तो हलला नाही. तेव्हा बुधाजीच्या ध्यानात आलं, की आपले हात अजून वरच आहेत.

आता गंमत पाहा. त्या क्षणी तो गप्प राहिला असता, तर कोणाला काही कळलं नसतं. कुत्रं घाबरलं, कुत्रं मठ्ठ निघालं, एवढंच लोकांनी म्हटलं असतं. टपरीवर फार तर दोन दिवस हसले असते, तेही कुत्र्यावर. "एक सिग्नल चुकला नाई" हे वाक्य शाबूत राहिलं असतं. हे सगळं बुधाजीच्या मनात येऊन गेलं, आणि येऊन गेलं याची त्याला लाज वाटली. ते पिल्लू त्याच्या शब्दाखातर तोंडाशी आलेली घूस सोडून बसलं होतं. इतकं तर त्याचं घरातल्या माणसांनीही कधी ऐकलं नव्हतं.

"थांबा भगवंतराव," तो म्हणाला. "कुत्र्याची चूक नाई. मीच भ्यालो. हात वर केले म्या, म्हनून थे थांबलं. माही चूक हाये."

"काय म्हनलं?" भगवंतराव.

"माही चूक म्हनलं! किती डाव म्हनू? माही, माही चूक!"

मनकर्णानं फुंकणी खाली ठेवली. पदरानं डोळे पुसले, मिरचीच तशी झणझणीत होती. मग उठून आली आणि भगवंतराव आणि शंट्याच्या मधात उभी राहिली.

"साखळी घेऊन जा भाऊ तुमची."

"अवो पन बाई, घूस कुठं धरली यानं?"

"घुशी काय, मी काठीनं मारीन. आजपावतो मीच मारत आली." तिनं बुधाजीकडं पाहिलं. "लगन झाल्यापासून वाट पाहून राह्यली होती मी. सासूनं सांगून झालं, लेकीनं सांगून झालं, पन या मानसाच्या तोंडातून थे दोन शबूद कोनाले काढता आले नाईत. या लेकरानं नुसतं बसून काढले. असं कामाचं जनावर मी मोर्शीले धाडीन काय?"

बुधाजीला वाटलं, सांगावं हिला, की मी तुला याच्या आधीही एकदा असं म्हटलं होतं. तो हात खाली घेत आठवू लागला, कधी म्हटलं होतं ते. शंट्या येऊन त्याच्या पायाशी बसला, मनकर्णा मडकं उचलून विहिरीकडं निघाली, आणि तो आठवतच राहिला. खाटेखाली वाकून शंट्याला म्हटलेलं तेवढं एकच सापडलं.