सॉरी सोडून बोला

माझी मावशी ड्रायक्लिनिंगच्या दुकानात काउंटरवर बसायची. एक नाही, दोन नाही, बावीस वर्षं. आलेल्या कपड्याला नंबराची चिठ्ठी टाचायची, झालेला कपडा परत द्यायचा, आणि उरलेल्या वेळात सॉरी म्हणायचं. हे तिसरं काम तिला कुणी नेमून दिलेलं नव्हतं, पण दिवस त्यातच जायचा.

सॉरीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बटण तुटलं तर तुटक सॉरी. डाग निघाला नाही तर मान तिरकी करून, शेपूट लांबवलेलं सॉरी. गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोलायला लागलं की लागोपाठ तीन. आतल्या केबिनीत पडद्याआड मालक बसलेले असायचे. त्यांचा एकच नियम होता. "सॉरी हवं तेवढं म्हणा. चुकलं म्हणायचं नाही. सॉरीत आपण काही कबूल करत नाही."

एकदा इस्त्रीवाला आजारी पडला. तपकिरी लोकरीचा एक कोट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, म्हणून मावशीनंच इस्त्री हातात घेतली. तेवढ्यात आईचा फोन आला. दोघी बहिणी एकदा बोलायला लागल्या की घड्याळसुद्धा कंटाळून थांबेल. करपल्याचा वास आला तेव्हा कोटाच्या पाठीवर इस्त्रीचं छापील चित्र उठलं होतं, टोकासकट.

 मावशीनं कोट उचलला, सगळ्यांत मागच्या दांडीवर एका पायघोळ झग्याआड लटकवला आणि मालकांना चकार शब्द सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी कोटाचे धनी आले. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासून निवृत्त झालेले गृहस्थ. अंगानं काटकुळे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"अजून झाला नाही. सॉरी," मावशी म्हणाली.

गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, धक्का लागला की तुम्ही सॉरी म्हणता. ऐकू आलं नाही तरी सॉरी. कुणाचं माणूस गेलं तरीही सॉरीच. माझा कोट यातल्या कशात बसतो?"

 "सॉरी?" मावशी म्हणाली.

"हे ऐकू न आल्याचं. मी मंगळवारी येतो. तोवर दुसरा शब्द शोधून ठेवा."

इतक्या वर्षांत कुणी सॉरी परत केलं नव्हतं. त्या संध्याकाळी मावशी आमच्याकडे आली ती थेट माझ्या दप्तराला भिडली. "तुझा शब्दकोश दे गं."

मंगळवारी तिनं ताठ उभं राहून सांगितलं, "आम्ही दिलगीर आहोत."

"हे रस्ता खणणारे पाटीवर लिहितात. आणि आम्ही म्हणजे कोण? मला तर तुम्ही एकट्याच दिसताय."

पुढच्या मंगळवारी तिनं 'क्षमस्व' काढलं. गृहस्थ म्हणाले, "जिवंत माणसाचा फोटो निधनाच्या बातमीत छापला की दुसऱ्या दिवशी आम्ही हेच टाकायचो. इवल्याशा अक्षरांत."

त्यानंतर "माफ करा" झालं. "हे दारात आलेल्याला पुढे पाठवायला वापरतात. मी जाऊ का पुढे?" मग "खेद वाटतो" झालं. "खेद सरकारला वाटतो, बाई. माणसाला वाईट वाटतं."

आता दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंसुद्धा मंगळवार गाठून यायला लागली. एका शिक्षिकेनं तर धुतलेलीच साडी पुन्हा टाकली, निव्वळ ऐकायला मिळावं म्हणून. मावशीची मात्र झोप उडाली. तिचे यजमान, आमचे काका, म्हणायचे, ही झोपेत पुटपुटते, आणि सगळं शुद्ध मराठीत.

पाचव्या मंगळवारी गृहस्थ आले. "काय आणलंत?"

 मावशी एकदम वळली, मागच्या दांडीवरून कोट ओढून आणला आणि काउंटरवर पालथा पसरला.

"माझ्या हातून जळला. इस्त्री तशीच ठेवून मी बहिणीशी फोनवर गप्पा मारत होते. पाच आठवडे लपवला, तुमच्याशी खोटं बोलले. माझं चुकलं."

 पडद्यामागून मालक धावत आले. "अहो, तिला तसं नाही म्हणायचं! तिला सॉरी म्हणायचंय!"

"तुम्ही मध्ये बोलू नका," गृहस्थ म्हणाले. "बाईंचं वाक्य आत्ता कुठं बिनचूक झालंय."

त्यांनी डागावरून बोट फिरवलं. "छपाई मात्र सुरेख उठलीय हो." मग खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "बहीण काय सांगत होती एवढं?"

मावशीनं ते सगळं सांगितलं. माझ्या गणिताच्या मार्कांसकट, हे मला पुढं कळलं.

कोटाचं म्हणाल, तर मावशीनं ओळखीच्या शिंप्याकडून पाठ उसवून नवी घालून घेतली. रंग थोडा वेगळा आला. गृहस्थांना तो दिसत नव्हता, कारण पाठ मागे असते. मालकांनी मावशीला दोन दिवस घरी बसवलं. पण त्या दोन दिवसांत काउंटरवर स्वतः बसून सॉरी म्हणता म्हणता त्यांच्या घशाला कोरड पडली, तेव्हा तिसऱ्या दिवशी तेच बोलवायला आले. दारात उभं राहून म्हणाले, "झालं ते झालं." मावशी म्हणाली, यांच्याकडून एवढं निघालं हेच पुष्कळ.

तेव्हापासून दुकानात ती काय झालं ते नीट सांगायला लागली. गिऱ्हाइकं आधी बिचकली, मग भांडायचीच विसरली. जो माणूस बटण हरवल्याचं स्वतःहून सांगतो, त्याच्यावर ओरडणार कसं?

घरी मात्र काकांचे हाल झाले. परवा स्वयंपाकघरात खळ्ळकन आवाज आला आणि काका म्हणाले, "सॉरी."

"कशाबद्दल?" मावशीनं बाहेरूनच विचारलं. "सविस्तर सांगा."

काकांनी एक सुस्कारा टाकला आणि सुरुवात केली. कप फुटला होता. त्याच्या आधी बशी फुटली होती, गेल्या महिन्यात. तुकडे कपाटाच्या मागे होते. आणि मावशीच्या लाडक्या कुंडीचा काठ मांजरानं फोडला नव्हता.

मावशी आत येऊन सुपलीत तुकडे भरत म्हणाली, "हं, पुढे?"