हिटीमावशीची कुजबुजणारी गोधडी

हार्टवेल गावात कुणाच्या घरी काय शिजतंय हे त्या घरच्या बाईच्या आधी हिटीमावशी डिंग्लीला कळायचं. मावशी शिवणकाम करायची. माप द्यायला माणूस हात वर करून उभा राहिला की पोटातलं आपोआप बाहेर येतं, असा तिचा अनुभव. लग्न केलं नव्हतं. "जन्मभर एकाच माणसाचं ऐकत बसू?" असं ती विचारायची, आणि अख्ख्या कनेटिकट राज्यात यावर कुणाला उत्तर सुचलं नाही.

अशा बाईनं एक गोष्ट मात्र तीस वर्षं पोटात ठेवली होती.

गावचे जज्ज लेम्युएल स्टॅनवूड अमेरिकेच्या काँग्रेसवर, म्हणजे फिलाडेल्फियातल्या संसदेवर, निवडून गेले. तिथून त्यांची जी पत्रं वर्तमानपत्रात छापून यायची ती ओबेड रँडलच्या खानावळीत मोठ्यानं वाचली जायची. 'देशबांधवांनो, स्वातंत्र्याचं हे कोवळं रोप' वगैरे. ऐकताना लोक सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, पेला खाली ठेवायचे. टपालाच्या त्याच थैलीतून हिटीमावशीच्या नावाचं एक वेगळं पत्र निघायचं. त्यात रोप नसायचं. 'हिटी, फिलाडेल्फियाच्या धोबिणीनं माझे सहा शर्ट उकडून बाहुल्यांचे केले आहेत. नवे पाठव. आणि पाद्रीबाईंच्या गाईचं पुढे काय झालं?'

मावशी शर्ट पाठवायची आणि घडीत गाईची सबंध हकिकत. जज्जसाहेब त्यावर आपली टिप्पणी जोडून पाठवायचे. 'तू म्हणतेस तसं, पाद्री गेलॉर्डच्या प्रवचनाचा दुसरा तास सुरू झाला की नरक बरा वाटतो.' 'तू म्हणतेस तसं, ओबेडच्या सायडरमध्ये विहिरीचाच वाटा जास्त.' जवळजवळ प्रत्येक ओळीच्या तोंडाशी 'तू म्हणतेस तसं', आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी 'वाचून जाळ'.

जज्जसाहेबांनी तिची सगळी पत्रं जाळली. शब्दाचा माणूस. मावशीनंही आपला शब्द पाळला, म्हणजे तिच्या पद्धतीनं. एवढा छान कागद चुलीत घालायला तिचा हात होईना. तिनं पत्रांचे षटकोनी तुकडे कातरले, प्रत्येकावर चिंधी दुमडून कच्चे टाके घातले आणि ते तुकडे जोडून गोधडी करायला घेतली. गावातल्या बायका अशीच गोधडी करायच्या, पण जोडून झाली की आतले कागद काढून टाकायच्या. हिटीमावशीनं काढले नाहीत. कातरलेलं पत्र हे पत्र राहत नाही, असं तिनं देवाला कळवून टाकलं होतं. त्यामुळे तिची गोधडी अंगावर घेतली की कुजबुजायची.

जज्जसाहेब वारले आणि वर्षाच्या आत त्यांचे जावई सायलस पेनिमन यांनी 'सार्वजनिक व खाजगी पत्रव्यवहार' असा दोन खंडांचा ग्रंथ काढायचं ठरवलं. सार्वजनिक पत्रांची गाठोडीच्या गाठोडी होती. खाजगीच्या नावानं शून्य. तेव्हा ओबेडनं तोंड उघडलं. टपालही त्याच्याच खानावळीत उतरायचं ना!

"खाजगी? अहो, हिटीला विचारा. थैली आली आणि तिला पत्र नाही, असं मी पाहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सायलस मावशीच्या दारात. मावशीनं सफरचंदाचं सारण भरून भाजलेला पाई पुढे केला.

"मावशी, पत्रं कुठायत?"

"कातरली."

"कातरली? राष्ट्राचा ठेवा कातरला?"

"राष्ट्रानं कुठे विचारलं होतं?"

सायलस पुढचं वाक्य जुळवत असताना त्याची नजर तिच्या मांडीवर गेली. गोधडीच्या अपुऱ्या कडेला कागद डोकावत होता, आणि कागदावर सासऱ्याचं अक्षर.

तो उभाच राहिला. "ही उसवा. सगळी. मी एकेक तुकडा जोडीन. हा देशाचा आहे."

"देशाला थंडी वाजत असेल तर देशानं आपली गोधडी शिवावी. ही माझी आहे."

"मग रविवारी प्रार्थनामंदिरात उभा राहून सांगतो, की जज्जसाहेबांची शंभर पत्रं तुमच्या गोधडीत आहेत. गावच तुम्हाला सांगेल काय करायचं ते."

मावशीनं हातातला पाईचा तुकडा खाली ठेवला. जज्जसाहेब दगडाखाली निवांत पडले होते. त्यांचं काय जाणार? तिला मात्र दर रविवारी पाद्रीबाईंच्या शेजारी बसायचं होतं, ओबेडच्या दारावरून जायचं होतं. पन्नास घरांत मापं घेत फिरायचं होतं, आणि ते 'तू म्हणतेस तसं' छापून आलं असतं तर त्यातलं एकही दार तिला उघडलं नसतं.

"दहा तुकडे देते," ती म्हणाली. "मी सांगीन ते."

कुठल्या चिंधीखाली काय आहे हे तिला तोंडपाठ होतं. कापड त्या त्या वर्षाचं होतं ना! तिनं तपकिरी ठिपक्यांवर बोट ठेवलं. सायलसनं धाप टाकत उसवलं आणि वाचलं. 'फ्लॅनेल टोचतं.' निळ्या रेघांखाली निघालं, 'पायमोजे आखूड झाले.' दहाही तुकड्यांत जज्जसाहेबांना कुठे ना कुठे खाजत होतं.

"बस्स एवढंच? आणि ते मधे पिवळं आहे, ते?"

"ते राहू दे, सायलस. मी म्हणते राहू दे."

"म्हणजे तिथेच आहे!" त्यानं कात्री उचलली. मग थबकला. "हे कापड पाहिल्यासारखं वाटतंय."

"वाटणारच. जज्जसाहेबांकडे त्यांच्या चॅरिटीला मागणी घालायला आलास तेव्हा माझ्याकडूनच जाकीट शिवून घेतलं होतंस. उसव आता. आणि मोठ्यानं वाच, देशालाही ऐकू जाऊ दे."

सायलसनं मोठ्यानं सुरुवात केली. "'तू म्हणतेस तसं, मुलगा वाईट नाही. पण काल त्यानं एक वाक्य सुरू केलं, मी घोड्याला पाणी पाजून आलो तरी तो...'" इथे आवाज खाली आला. दुसरा पिवळा तुकडा त्यानं नुसते ओठ हलवत वाचला. "'चॅरिटीला विचारलं, बये, काय पाहिलंस याच्यात? तर म्हणाली, बाबा...'"

तुकडा संपला.

"काय म्हणाली?"

मावशी पाई खात होती.

"मावशी, काय म्हणाली ती?"

"ते दुसरीकडे आहे."

"कुठे?"

"आधी कबूल कर. पत्रं दहाच सापडली म्हणायचं. रविवारी उठायचं नाही."

सायलसनं मान डोलावली. कधी नव्हे ते शब्दाविना. मावशीनं लाल फुलांवर बोट ठेवलं, त्यानं टाका टाका करून हळूच उसवलं.

'...आई गेल्यापासून घर फार शांत झालंय. तो बोलत असला की बरं वाटतं.'

सायलसनं तो तुकडा पुन्हा एकदा वाचला. मग नाक शिंकरलं आणि म्हणाला, "सुई आहे?"

"मी घालते टाके."

"नको. उसवलं मी, घालतो मी." चार वेळा बोट टोचून घेतलं, पण तिन्ही तुकडे जागच्या जागी बसवले. टाके असे की शिकाऊ पोरीचे असते तर मावशीनं कान पिळला असता. तिनं ते तसेच राहू दिले.

वर्षभरात ग्रंथ आला. खाजगी विभागात दहा पत्रं, सगळी फ्लॅनेल आणि पायमोज्यांची. पाद्री गेलॉर्डनी तो प्रार्थनेला हातात धरून आणला.

"बंधूंनो, पाहा या थोर पुरुषाकडे!" प्रवचनाच्या दुसऱ्या तासाला ते म्हणाले. "खाजगीतसुद्धा शेजाऱ्याबद्दल एक वावगा शब्द नाही!"

पाद्रीबाईंनी डोळे पुसले आणि हिटीमावशीचा हात प्रेमानं दाबला. मावशी आपल्या बुटांकडे बघत राहिली. पुढच्या बाकावर सायलस पेनिमनना खोकल्याची अशी उबळ आली, की चॅरिटीला त्यांना हाताला धरून बाहेर न्यावं लागलं.