जाळ नसलेली शेगडी

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. आमच्याकडे काचेची, विजेवरची शेगडी. पहिल्याच आठवड्यात बटण बंद करून त्यांनी लगेच काच पुसायला घेतली आणि बोटं पोळली. "जाळच दिसत नाही, कळायचं कसं? मला नाही जमायचं," म्हणाले आणि स्वयंपाकघरात यायचेच बंद झाले.

काल संध्याकाळी मी कामावरून परतले, तर बाबा शेगडीपाशी उभे होते. चहाचं भांडं उतरवलेलं, बटण बंद, हातात फडकं, आणि दुसरा तळवा काचेच्या वीतभर वर धरलेला.

"थांब, ऊब आहे अजून," ते म्हणाले.

जाळ नसला तरी ऊब किती वेळ रेंगाळते, असं माझ्या मनात आलं. काच निवेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. चहा फार कडक झाला होता. मी आणखी अर्धा कप मागितला.