टोरीच्या तेलात बसलेलं इंजिन

भाऊजी गेल्याचा फोन ताईनेच केला. रडत होती, पण मधेच म्हणाली, "जेवून उठले, शेजारच्या मोटारपंपाले नावं ठेवली अन् आडवे झाले... ते उठलेच नाई." मला आधी हसू फुटलं, मग रडू आवरेना. यंत्राला नावं ठेवल्याशिवाय भाऊजी जाणं शक्यच नव्हतं.

नव्वदच्या दशकात, मूल तालुक्यातल्या त्यांच्या गावात, त्यांनी बैलजोडी शेजारच्या मारोतीला विकून जुना ट्रॅक्टर आणला. "आता बैलाचं शेपूट नाई धरत," असं गावभर सांगून आले. धानाची रोवणी आटोपल्यावर पावसाळाभर ट्रॅक्टर अंगणात उघडाच राहिला. सायलेन्सरच्या तोंडावर डबा घालायला भाऊजी विसरले. पाणी आत गेलं, गंज चढला आणि ऐन धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत इंजिन जाम. खळ्यावर धानाचे पुंजणे रचलेले. ते भिजले तर वर्षाचं पीक मातीत आणि वाचवायचे तर मारोतीकडे बैल मागायचे. भाऊजींना दुसरंच जास्त जड जात होतं.

मूलचे सलीम मिस्त्री इंजेक्टर काढून सांगून गेले, "भाऊ, इसमें डिझेल डालो और सबर रखो." सबर भाऊजींच्या घराण्यातच नव्हती. "डिझेलनं काय व्हते? माह्या मायचे गुडघे टोरीच्या तेलानं सुटले!" टोरीचं म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. थंडीत ते तुपासारखं थिजतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक, भाऊजींनाही. "इंजिनात गरमी राह्यते," म्हणून त्यांनी संध्याकाळी ते भरभरून ओतलं. सकाळी आत पांढरा गोळा! ताई कपाळाला हात लावून म्हणाली, "अवो, गरमी राह्याले ते चालू तं असावं लागते!"

मिस्त्रींनी गरम पाणी ओतून ओतून इंजिन तापवलं, तेल वितळवून काढलं आणि मुकाट्याने डिझेल भरलं. ते मुरेपर्यंत आभाळ भरून आलं. आता ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून ओढणं एवढाच उपाय उरला. भाऊजी मारोतीच्या दारात गेले आणि ऐटीत म्हणाले, "बैलाईले माहा ट्रॅक्टर पाह्याचा हाये. घेऊन ये."

बैलांनी ओढलं. चाकं आधी नुसतीच घासली, मग आत कट् झालं, इंजिन फिरलं आणि इंजेक्टरच्या भोकांतून काळ्या तेलाची चिळकांडी थेट भाऊजींच्या तोंडावर! मिस्त्रींनी इंजेक्टर परत बसवले, ट्रॅक्टर सुरू झाला आणि पाऊस यायच्या आत धान चुरून झालं. बैल मात्र सुटल्याबरोबर मारोतीकडे न जाता आपल्या जुन्या गोठ्यात शिरले. भाऊजी तसेच काळ्या तोंडाने त्यांच्या गळ्यात पडून रडले. मारोतीला म्हणाले, "राहू दे ना गा आजच्या दिवस इथी."

परवा मी ताईकडे गेले, तर ती त्याच ट्रॅक्टरवर बसलेली, इंजिन सुरू. रोज सकाळी असंच करते म्हणे. धुराने अंगण भरलेलं. मी ओरडून विचारलं, "काही काम नाही, तर कशाला चालू ठेवतेस?"

"तूच बंद करून पाह्य," ती म्हणाली. "घर किती चूप व्हते..."